सहा जणींची हजेरी

मी २८ वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. १४० मुली, चार मजले आणि दर मजल्यावर एकच गीझर. एवढं सांगितलं की ज्यांनी वसतिगृह आतून पाहिलंय ते मला उठून खुर्ची देतात. एकीला रात्री पंखा पाचवर हवा आणि दुसरीला बंद हवा, अशा दोघींना एका खोलीत तीन वर्षं नांदवून मी पदवीधर करून बाहेर काढलंय. लोणच्याच्या बरणीवरून सुरू होऊन दोघींच्या आयांपर्यंत गेलेलं भांडण मी एका बैठकीत मिटवलंय. त्यामुळे दीड-दीड इंचाच्या सहा माशांनी माझ्या तोंडाला फेस आणला, हे मी सहसा कोणाला सांगत नाही.

झालं असं, की निवृत्तीच्या दिवशी मुलींनी वर्गणी काढून मला काचेचा टँक दिला. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. आत मासे नव्हते. वर्गणी तिथपर्यंत पोचली नव्हती. निरोपाच्या भाषणात एक म्हणाली, "मॅडमना रात्री साडेनऊला हजेरी घेतल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून ही सोय." सगळ्या हसल्या. मीही हसले. रेक्टरने हसायचे प्रसंग २८ वर्षांत फार येत नाहीत, आलेला दवडू नये.

माझा भाचा ओंकार या विषयातला. त्याच्या खोलीत माशांसाठी जागा आहे, त्याच्यासाठी नाही. तो म्हणाला, "मावशी, फायटर मासा ठेव."

"तो एकटाच ठेवावा लागतो ना?"

"नर एकटा. माद्या पाच-सहा एकत्र ठेवतात. सोरॉरिटी म्हणतात त्याला."

सोरॉरिटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचं मंडळ. पुष्कळदा त्या सगळ्या एकाच घरात राहतात. म्हणजे वसतिगृहच की! ओंकारने पुढे "पण मावशी, ते अवघड असतं, अनुभवी माणसंसुद्धा..." असं काहीतरी वाक्य सुरू केलं होतं. 'अनुभवी' हा शब्द कानावर पडल्यावर मी पुढचं ऐकलं नाही.

टँक धुतला, पाणी भरलं, मासे सोडले, अशी माझी समजूत होती. ओंकार म्हणाला, आधी पाणी मुरू दे. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते त्यातल्या त्यात गरीब, पाणी बदललं की जातं. हे दोन्ही जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर रिकाम्या टँकमध्ये रोज माशांचं खाणं चिमूटभर टाकत राहायचं.

मी कैरीचं लोणचं मुरायला ठेवावं तसं पाणी ठेवलं. शेजारच्या वहिनी रोज येऊन वाकून बघायच्या.

"मासे दिसत नाहीत हो."

"अजून यायचेत."

"मग खाणं कोणाला टाकताय?"

"जिवाणूंना."

त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने वागत होत्या.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं पाण्याचा हिशेब केलेला माणूस, टेप घेऊन आले, मापं घेतली आणि जाहीर केलं, "एकूण साठा १०६ लिटर. वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा जाता उपयुक्त साठा नव्वदेक." ते आकडे त्यांनी चिठ्ठीवर लिहून टँकला चिकटवले. ती चिठ्ठी अजून आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे प्रवेश सुरू व्हायच्या मुहूर्तावर, आम्ही दुकानात गेलो. फायटर नरांचा थाट बघण्यासारखा. प्रत्येक जण आपापल्या प्लास्टिकच्या बरणीत, ओळीने मांडलेला, आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, कारण शेजारी नुसता दिसला तरी त्याचं डोकं फिरतं. माद्या मात्र खालच्या टँकमध्ये, सगळ्या मिळून. शेपट्या आखूड, रंग फिके, भाव निम्म्याहून कमी. पुठ्ठा नाही, काही नाही.

"काकू, पोटाखाली पांढरा ठिपका असतो, मिठाच्या कणाएवढा," दुकानातला मुलगा म्हणाला. "अंडी तिथून येतात. ठिपका बघून घेतलं की फसायला होत नाही."

या वाक्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

सहा जणी घेतल्या. एकाच लॉटच्या, एकत्र वाढलेल्या. तशाच घ्याव्यात, त्यांची आधीपासून ओळख असते. मी त्यांना खाट क्रमांक एक ते सहा असं म्हणणार होते. पण घरी येईपर्यंत रिक्षात ह्यांनी बारसं उरकलं होतं: पानशेत, वरसगाव, टेमघर, भाटघर, मुळशी आणि कोयना. कोयना सगळ्यांत मोठी. टेमघरची शेपटी एका बाजूला जरा फाटकी होती, आणि टेमघर धरणाच्या गळतीच्या बातम्या ज्यांनी वाचल्यात त्यांना या नावाचा खुलासा करायला नको. निळीशार ती पानशेत. "हिला पानशेत नका म्हणू," मी म्हटलं. पुण्यात हे नाव काही कोणी लाडाने ठेवत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण माझ्या सासूबाई अख्खं आयुष्य 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असंच मोजायच्या. पण ह्यांनी ऐकलं नाही.

सहा जणींना एकाच वेळी सोडायचं, हा पहिला नियम. एकेक करून सोडल्या तर पहिली आलेली अख्खा टँक आपल्या नावावर करून घेते आणि पुढच्या सगळ्या पोटभाडेकरू ठरतात. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. जूनमध्ये जी मुलगी आधी येते तिला खिडकीजवळची खाट मिळते, आणि मग मार्चपर्यंत ती खिडकी तिच्या वडिलांनी बांधून दिल्यासारखी असते. आम्ही सहा पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं तापमान एक होऊ दिलं, दिवा मालवला आणि सहाही पिशव्या एकदम उलट्या केल्या. दोन माझ्या हातात, दोन ह्यांच्या, दोन ओंकारच्या. सत्यनारायणालासुद्धा आम्ही इतके एका तालात नव्हतो.

पंधरा मिनिटं शांतता. मी ह्यांच्याकडे बघितलं. "बघितलंत? उगाच घाबरवतात लोक."

तेवढ्यात पानशेत आणि भाटघर समोरासमोर आल्या.

आता हे जवळून बघायला हवं. पानशेत थांबली. सगळे पर ताणले. मग तिने दोन्ही गालांवरची, म्हणजे कल्ल्यांवरची झाकणं बाहेर फेकली, आणि चेहऱ्याभोवती काळसर झालर उभी राहिली. पावसाची पहिली सर आली की बसस्टॉपवर एकदम छत्री उघडते ना, अगदी तशी. आवाज आला नाही एवढंच. दीड इंचाची मासोळी बघता बघता दुप्पट दिसायला लागली. भाटघरने दोन सेकंद विचार केला. मग तिच्या अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत फिकट आडव्या पट्ट्या उमटल्या, जणू आतून कोणी पट्टीने आखल्या, आणि ती मागे सरकली. आडव्या पट्ट्या म्हणजे घाबरले, हरले, जाऊ दे. उभ्या पट्ट्यांचा अर्थ निराळा, लग्नाला उभी असल्याची ती खूण. तो विषय पुढे यायचाय.

असं दिवसभर चाललं. कोणाची कोणावर चाल, कोणाचं कोणापुढे नमतं घेणं. ओंकार फोनवर म्हणाला, हे व्हायचंच. त्या आपसात क्रम लावून घेतात. वर कोण, खाली कोण, हे ठरलं की निवतात. नुसतं फुगणं आणि पाठलाग चालेल, चावे घेतले तर मध्ये पड.

या काळात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तोच विनोद केला. "सहा बायका एका घरात! मग काय होणार?" कुरिअरवाल्याने केला, गॅसवाल्याने केला, ह्यांच्या मित्राने तर दोनदा केला. पहिल्यांदा कोणी हसलं नव्हतं म्हणून दुसऱ्यांदा. मी प्रत्येकाला विचारलं, "आणि दोन नर एका टँकमध्ये ठेवले तर?" माहीत नसायचं. "सकाळपर्यंत एक उरतो. म्हणून त्यांना पुठ्ठे लावून ठेवतात. त्यांचं जमतच नाही, त्यामुळे त्यावर विनोदही होत नाही." माझ्या वसतिगृहात १४० जणी राहत होत्या. मारामारी एकदाच झाली, ती मेसच्या दोन आचाऱ्यांची.

या माशाचा लौकिक मात्र पूर्वापार. थाई लोक त्याला प्ला कात म्हणतात, म्हणजे चावरा मासा. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाकडचे मासे १८४० च्या सुमारास थिओडोर कँटर नावाच्या डॉक्टरांच्या हाती आले. त्यांनी १८४९ साली त्याला जे शास्त्रीय नाव दिलं त्यात 'प्युग्नॅक्स' होतं, म्हणजे भांडखोर. पुढे १९१० साली रीगन या शास्त्रज्ञाने ते बदलून 'स्प्लेंडेन्स' केलं, म्हणजे दिमाखदार. वर्तणुकीचा दाखला बदलून मिळायला ६१ वर्षं लागली. माझ्या ऑफिसात तो तीन दिवसांत मिळायचा. आणि २०१९ मध्ये तर थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

मूळचा हा भातखाचरांतला मासा. हे कळलं आणि माझ्या डोक्यात जरा उजेड पडला. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. खाचर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. घोट्याएवढं पाणी, पण लांबी-रुंदीला अंत नाही, आणि मध्ये भाताचे चूड. खाचरात एक मासा दुसऱ्यावर धावला तर हरलेला चार चुडांच्या पलीकडे जातो, दिसेनासा होतो, भांडण संपलं. टँकमध्ये हरलेली जाऊन जाऊन जाते कुठे? तीन फुटांवर काच. जिंकलेलीला वाटतं, एवढं सांगून ही अजून इथेच! तिला कळत नाही की मध्ये काच आहे. खाचराच्या पाण्यात हवा कमी, म्हणून या माशांना कल्ल्यांखेरीज वरची हवा घ्यायचाही अवयव असतो. दर थोड्या वेळाने वर येऊन घोट घ्यावाच लागतो. म्हणजे लपलेलीला वर येणं भाग, आणि वर आली की जिंकलेली तिथे उभीच. गीझरपाशी रांग लागते तशी.

मग मी रेक्टरच्या भूमिकेतून बाहेर येऊन वास्तुविशारदाच्या भूमिकेत शिरले. नियम असा, की टँकच्या या टोकाने बघितलं तर ते टोक दिसता कामा नये. हे ऐकल्यावर ह्यांच्यात जो उत्साह संचारला तो मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता. हे गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला, काचेला नाक लावलं आणि डंपी लेव्हलमधून, म्हणजे जमिनीची पातळी मोजायच्या दुर्बिणीतून, बघावं तसं बघू लागले. "डावीकडे दोन इंच. अजून. हं, आता वरसगावला कोयना दिसत नाही. पण मुळशीला दिसतेय, तिथे काहीतरी टाक." मी टाकत गेले. हायड्रिलाच्या जुड्या, दगडाला बांधलेला जावा फर्न, अनुबियास. वरून मनी प्लांट सोडला, त्याची मुळं पाण्यात लोंबू लागली. माहेरून आणलेल्या नारळांच्या करवंट्या घासून, उकळून, दाराएवढं भोक पाडून पालथ्या घातल्या. सहा जणींना आठ करवंट्या. दोन जास्त ठेवायच्या. सहाला सहा ठेवल्या की सगळ्यांना तीच एक हवी असते.

आणि बदामाची पानं. आपल्या देशी बदामाचं वाळून गळलेलं पान पाण्यात टाकलं की त्यातून टॅनिन उतरतं, पाणी चहाच्या रंगाचं होतं, फायटरला ते मानवतं. विकत घ्यायला गेलं तर दहा पानांची पाकिटं मिळतात, तीही आकर्षक वेष्टनात. शाळेच्या आवारात खच पडलेली वस्तू पुणेकर बाई विकत घेईल? मी सकाळी पिशवी घेऊन जवळच्या महापालिकेच्या शाळेत गेले आणि झाडाखाली वाकून तपकिरी, न किडलेली पानं निवडू लागले. वॉचमन आला.

"मॅडम, पानं कशाला?"

"माशांना."

"खातात?"

"नाही. शांत होतात."

तो बराच वेळ झाडाकडे बघत राहिला. मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "माणसांना चालतं का?"

पानांनी पाणी कोऱ्या चहासारखं झालं. वहिनी म्हणाल्या, "पाणी बदला हो, गढूळ झालंय." मी म्हटलं, मुद्दाम केलंय. त्यांनी मान डोलावली. माझ्याबद्दल त्यांचं मत जिवाणूंच्या वेळीच पक्कं झालं होतं.

जुलै बरा गेला. खाणं दोन टोकांना टाकायचं, म्हणजे एकीला दोन्हीकडे पहारा देता येत नाही. आठवड्यातून एक दिवस उपास, पोट साफ राहतं. आम्ही गुरुवार धरला, माझाही असतो. प्रत्येकीचा स्वभाव कळू लागला. मुळशी खादाड. कोयना मोठी पण भित्री. माझी आवडती मात्र वरसगाव. कोणात नाही, कशात नाही. आपला कोपरा, आपलं बदामाचं पान. सकाळी सगळ्या खाण्यावर तुटून पडायच्या तेव्हा ही शेवटी यायची. अशी एखादी मुलगी दर बॅचला असते. रेक्टरला तिचं नाव मार्चमध्ये कळतं. महिनाभरात तिची अंगकाठी भरली, पर जरा लांबले, रंगाला तेज चढलं. "हॉस्टेलचं जेवण अंगी लागलं हो हिला," मी कौतुकाने म्हटलं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी पानशेत फुटली.

कारण काय घडलं, मला माहीत नाही. मी कुकर लावून आले तर टेमघर फिल्टरच्या मागे, काचेला चिकटून, उभीच्या उभी. शेपटीचं चिरगुट झालेलं. पानशेत समोर येरझाऱ्या घालत होती. टेमघर श्वासाला वर निघाली की ही धावे, ती पुन्हा खाली. मी तेव्हा मोठ्याने "पानशेत!" असं ओरडले. गॅलरीत पेपर वाचणारे शेजारचे आजोबा दचकून उभे राहिले. त्यांनी ते एकसष्ट साली बघितलेलं आहे.

अशा वेळी चूक कोणाची हे बघून जिने मारलं तिला बाहेर काढायचं. मार खाल्लेलीला काढलं तर मारणारीला वाटतं, ही युक्ती चालते, आता पुढची. पानशेतला चार दिवस निलंबित केलं; वेगळं पाणी, वेगळी बरणी, अन्न चालू. तेवढ्यात आत सगळं हलवलं, करवंट्या इकडच्या तिकडे, जावा फर्न मध्यावर. परत आणली तेव्हा तिला जुना पत्ता सापडेना. गरीब नवी मुलगी जशी पहिल्या दिवशी मेसचं दार शोधते तशी ती हिंडली. मी मनातल्या मनात हात चोळले. पण त्या चार दिवसांत रिकाम्या गादीवर भाटघर चढून बसली होती. तीच भाटघर, जी पहिल्या दिवशी आडव्या पट्ट्या मिरवत मागे सरकली होती. तिचा कारभार पानशेतपेक्षा कडक निघाला, फक्त ती चावत नसे. नुसती समोर जाऊन उभी राहायची. मला माझी स्वतःचीच आठवण झाली.

मार खाल्लेलीलाही उपचार लागतातच. टेमघरला ह्यांच्या टेबलावर वीस लिटरच्या टँकमध्ये ठेवली. स्वच्छ पाणी, थोडं खडेमीठ, रोज निम्मं पाणी बदल. दहा दिवसांनी फाटक्या शेपटीला काठ फुटला. ओल्या पतंगी कागदासारखा, पारदर्शक, आरपार दिसणारा. हे भिंग घेऊन बघत बसत. "गळती पन्नास टक्के कमी," त्यांनी डायरीत नोंद केली.

आणि मग ती सकाळ. दूध तापवून मी नेहमीसारखी टँकपाशी आले, तर कोपऱ्यात बदामाच्या पानाखाली पांढरा फेस. रुपयाच्या नाण्याएवढा, बारीक बारीक बुडबुड्यांचा.

"साबण कोणी घातला?" मी घर डोक्यावर घेतलं. ह्यांनी हात वर केले. कामाला येणाऱ्या मंगलताईंनी देवाची शपथ घेतली. मी फोटो काढून ओंकारला पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"मावशी, साबण नाही. घरटं आहे."

"कोणाचं?"

"नर बांधतो. तोंडाने बुडबुडे सोडून. अंडी त्यात ठेवतो." तो जरा थांबला. "क्वचित मादीही करते म्हणा. पण मावशी, त्या फेसाखाली कोण उभं आहे?"

वरसगाव उभी होती. कोणात नाही, कशात नाही. आपला कोपरा, आपलं बदामाचं पान. मी बघत असतानाच तिने वर जाऊन हवेचा घोट घेतला, आणखी एक बुडबुडा लावला, मग वळून गालांची झाकणं उघडली. काय ती झालर! पानशेतची छत्री असेल, तर हा मांडव होता. आणि दोन बोटांवर, मान किंचित खाली घालून, कोयना. अंगावर उभ्या पट्ट्या. स्पष्ट, ठळक, उभ्या.

२८ वर्षं. २८ वर्षांत माझ्या वसतिगृहात मुलगा शिरला नाही. एकदा एकीचा मावसभाऊ फाटकापर्यंत आला होता, त्याला मी पाऊण तास उन्हात उभं केलं. तो खरोखरच मावसभाऊ निघाला, दिवाळीचा डबा द्यायला आला होता. गॅदरिंगच्या मंडपवाल्यांनासुद्धा मी सहाच्या आत बाहेर काढत असे. आणि इथे माझ्या हॉलमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, दोन महिने! मी त्याचं जेवणावरून कौतुक केलं होतं. त्याचे पर लांबले म्हणून खूश झाले होते.

दुकानात गेले. तो मुलगा फोटो बघून निर्विकारपणे म्हणाला, "प्लाकाट आहे काकू. आखूड शेपटीचा नर. लहान असताना मादीसारखाच दिसतो."

"आणि तो ठिपका?"

"कधी कधी नरालाही दिसतो, लहानपणी."

"हे तेव्हा नाही सांगितलंत."

"काकू, मादीच्या भावात नर मिळाला की तुम्हाला. नराचा भाव डबल असतो."

मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी चश्मा काढला, पुसला, परत लावला. "वरसगाव धरणाचं सरकारी नाव काय आहे ठाऊक आहे? वीर बाजी पासलकर. म्हणजे मी नाव बरोबरच ठेवलं होतं."

"पानशेतचं सरकारी नाव तानाजीसागर आहे," मी म्हटलं. "मग तिचं काय?"

ह्यांनी उठून पुन्हा एकदा सगळ्यांच्या पोटाखालचे ठिपके तपासले.

वीर बाजींना त्याच दिवशी स्वतंत्र टँक मिळाला, पुस्तकांच्या कपाटावर, हीटरसकट. त्याने तिथेही तासाभरात नवा फेस धरला. हा मासा अंड्यांची राखण एकटा करतो, खाली पडलेलं अंडं तोंडात धरून परत घरट्यात ठेवतो आणि मादीला जवळ फिरकू देत नाही. हे वाचून माझं मन क्षणभर द्रवलं. क्षणभरच. कोयनाच्या उभ्या पट्ट्या आठवडाभरात उतरल्या. तिच्याशी मी याविषयी काही बोलले नाही. बोलून उपयोग नसतो, मुली आणखी हट्टाला पेटतात.

आता घरात तीन टँक, चौथ्याची मोजमापं ह्यांच्या डायरीत आहेत, आणि जेवायला आम्ही स्वयंपाकघरात खाली बसतो. टेमघरची शेपटी भरून आली; मागच्या रविवारी करवंट्या पुन्हा फिरवून तिला मोठ्या टँकमध्ये सोडलं. ओंकार म्हणतो, मावशी, गाफील राहू नकोस. वर्षभर नीट चाललेली सोरॉरिटीसुद्धा एका रात्रीत मोडते. रिकामी बरणी धुऊन तयार ठेव. ठेवली आहे.

रात्री साडेनऊला टँकचा दिवा बंद होतो. पावणेदहाला मी बॅटरी घेऊन फेरी मारते. उजेड थेट डोळ्यांवर नाही, वरच्या काठाने. काल मारली. मुळशी झाकणाखाली, खाण्याची वेळ झाली असेल या आशेवर. पानशेत करवंटीच्या दारात. भाटघर मध्यावर, अर्थातच. कोयना मनी प्लांटच्या मुळांत. टेमघर नाही. फिल्टरच्या मागे बघितलं, नाही. करवंट्या एकेक करून वाकून बघितल्या. झाकण नीट होतं, तरी खाली फरशीवरही उजेड टाकला. हे मासे उडी मारतात.

"किती?" आतून ह्यांचा आवाज.

"चार."

"बघ नीट."

मी स्टूल ओढून बसले. या माशांना रात्रभर बाहेर राहायची सोय नाही, वर यावंच लागतं. दोन मिनिटं गेली, तीन गेली. भाटघर मध्यावरून हलली नाही. मग मागच्या कोपऱ्यात बदामाचं पान जरा हललं, आणि त्याच्या खालून, भाटघरला वळसा घालून, टेमघर वर आली. घोट घेतला. पाण्यावर एवढासा गोल उमटला. खाली जाताना तिला बॅटरीचा उजेड दिसला तशी ती जागच्या जागी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली, फाटकात उशिरा सापडलेल्या मुलीसारखी.

"पाच," मी आत सांगितलं आणि बॅटरी बंद केली.